तिला, तिला, तिला

शनिवार, रात्री उशिरा

कथेची अकरा पानं झाली, पण तिची नायिका दमयंती काही हलेना. परवा ती पानं एका मैत्रिणीला वाचायला दिली. तिने शेवटचं पान उलटलं, जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बाई चांगल्या आहेत गं. पण त्या घरात नसत्या तरी कथा झालीच असती की." राग आला. मग दोन दिवस तेच वाक्य डोक्यात घुमत राहिलं, म्हणजे खरं असणार.

तयारीत कसूर केली म्हणावं तर तसंही नाही. लिहायला बसण्याआधी वहीची चार पानं भरली होती. जन्मतारीख, उंची, आवडता रंग, भीती कशाची वाटते, लहानपणी काय हरवलं होतं. असा तक्ता करा म्हणून सगळेच सांगतात, मीही इमानेइतबारे केला. त्यातलं कथेत काय उतरलं? चष्मा.

गंमत म्हणजे असले तपशील चुकले तरी फार बिघडत नाही. शेरलॉक होम्सच्या मित्राला, डॉक्टर वॉटसनला, युद्धात लागलेल्या गोळीचंच बघा. १८८७ साली तो पहिल्यांदा वाचकांसमोर आला तेव्हा ती खांद्याला लागलेली होती, १८९०च्या दुसऱ्या कादंबरीत दुखतो मात्र पाय. कॉनन डॉयल विसरला असावा. वाचक अजून त्यावर हौसेने वाद घालतात, पण म्हणून वॉटसन खोटा आहे असं कुणी म्हणत नाही. माझ्या दमयंतीची जन्मतारीख अकराही पानांत बिनचूक आहे आणि बाई पुठ्ठ्याची.

आज पेन्सिल घेऊन तिसरं पान पुन्हा वाचायला बसले. तिला वाटलं. तिला आठवलं. तिला कसंसंच झालं. तिला हसू आलं. एका पानात सतरा 'तिला'! आपल्या भाषेत ही सोय फार. राग येतो, रडू येतं, आठवण येते, कंटाळा येतो, झोपसुद्धा येतेच. सगळं बाहेरून चालत येतं आणि माणूस उंबऱ्यात बसून आलेल्याचं स्वागत करत राहतो. भाषेचा यात काही दोष नाही. बोलताना हेच किती गोड वाटतं. मी मात्र त्या सोयीच्या आड लपून बसले होते. मग 'तिने' मोजले. अकरा पानांत मिळून नऊ, आणि त्यातले चार दार उघडण्याचे.

म्हणजे अकरा पानं बाईंना नुसतं होत होतं. त्या काही करत नव्हत्या.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली केंब्रिजमधल्या व्याख्यानांत पात्रांचे दोन प्रकार सांगितले, सपाट आणि गोल. सपाट पात्र एका वाक्यात सांगता येतं. गोल पात्र चकित करतं, आणि तरीही पटतं. ही व्याख्या पाठ असून मला उपयोग झाला नव्हता, कारण मी 'चकित' या शब्दावरच अडकले होते. काहीतरी मोठं घडवायला हवं, एखादं गुपित वगैरे. खरी मेख 'पटतं' मध्ये आहे. (सपाट पात्रंही लागतातच, हे तोच सांगतो. माझ्या कथेतली शेजारीण सपाट आहे, आणि मजेत आहे. तिला मी हात लावणार नाही.)

तर दमयंती. वय ५८, मेट्रन म्हणून निवृत्त. थोरला भाऊ दोन दिवसांसाठी आलाय आणि तीन आठवडे झाले तरी जात नाहीये. त्याला कमी ऐकू येतं, पण कबूल करत नाही. जुन्या खर्ड्यात तिला त्याची कीव यायची, तिला बोलावंसं वाटायचं, तिला शब्द सापडायचे नाहीत. पाच पानं नुसती घालमेल.

आज तो प्रसंग नव्याने लिहिला. भावाचे जुने मित्र भेटायला आलेत. तो रंगात येऊन बोलतोय, नेहमीसारखा सगळ्यांचं बोलणं तोडत. दमयंती पाण्याचे पेले घेऊन येते, त्याच्या मागे उभी राहते आणि आवाज खाली आणते, वॉर्डात रात्री दोन वाजता बोलायचा तसा. "दादा, तुमची परतीची तारीख ठरली का?" एरवी त्याला 'तू' म्हणते. तो मान वळवून म्हणतो, "हो हो, फार सुंदर." मित्र हसतात. ती हसत नाही. सगळ्यांच्या हातात पेला देते, त्याला शेवटी.

हे कागदावर उतरल्यावर मीच हात थांबवून बसले. इतकी दुष्ट? की उपचाराच्या आधी रोग उघडा करायचा, ही मेट्रनची सवय? की आयुष्यभर याने बोलू दिलं नाही, त्याची परतफेड? मला माहीत नाही, आणि पहिल्यांदाच मला तिच्याबद्दल काहीतरी माहीत नाहीये. तक्त्यात 'स्वभाव' समोर 'सोशिक' लिहिलं होतं, ते खोडलं. दुसरा शब्द सुचेना.

आधीही तिच्याकडून हे करवून घेता आलं असतं. पण ती वाचकांना आवडावी म्हणून मी तिला जपत होते, आणि जपता जपता बाईंचं लोणचं घातलं.

पाहुणे गेल्यावर तो तिच्याशी बोलेल का, हे उद्या बघायचं. त्याच्या वाट्याला किती 'त्याला' आलेत, तेही अजून मोजलेलं नाही.