शिकागो: उमेदवार ठरवणाऱ्या शहराचा फेरफटका

अमेरिकेच्या मोठ्या पक्षांनी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ठरवण्यासाठी शिकागोइतकी अधिवेशने दुसऱ्या कोणत्याही शहरात भरवलेली नाहीत, म्हणून तिथे गेल्यावर त्या जागा पाहायच्या हे मी आधीच ठरवले होते.

लेक स्ट्रीट आणि वॅकर ड्राइव्हच्या कोपऱ्यावर १८६० साली ‘विगवॅम’ नावाचे भव्य लाकडी सभागृह होते. आज तिथे काचेची उंच इमारत आणि एक फलक आहे, आणि जवळच उन्नत रेल्वेमार्गावरून गाडी धडधडत जाते तेव्हा शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. रिपब्लिकन प्रतिनिधी इथे जमले तेव्हा न्यूयॉर्कचे विल्यम सुअर्ड आघाडीवर होते: विजयासाठी २३३ मते हवी असताना मतदानाच्या पहिल्या फेरीत त्यांना १७३½ मिळाली आणि लिंकन यांना १०२. पण बाकीच्या प्रतिनिधींची दुसरी पसंती मिळवण्यासाठी लिंकन यांच्या माणसांनी रात्री जागवल्या होत्या, शिवाय जादा प्रवेशपत्रे छापून प्रेक्षकांत आपलेच लोक घुसवले होते. तिसऱ्या फेरीत लिंकन दीड मताने अडले असताना ओहायोने चार मते फिरवली आणि निकाल लागला. उमेदवार स्वतः या सगळ्या गदारोळापासून दूर, स्प्रिंगफील्डला होते.

मिशिगन अॅव्हेन्यूवरच्या ब्लॅकस्टोन हॉटेलात, चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत, १९२० साली रिपब्लिकन नेते रात्रभर सिगार ओढत खलबते करत बसले आणि दुसऱ्या दिवशी दहाव्या फेरीत वॉरन हार्डिंग निवडले गेले. सगळे त्या खोलीतच शिजले, हे अनेक इतिहासकारांना मान्य नाही. बंद पाकिटातून नावे येण्याची सवय असलेल्या मला मात्र ते फारसे अशक्य वाटले नाही.

रस्ता ओलांडला की हिल्टन हॉटेल. त्याच्यासमोर १९६८ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांना झोडपले, आणि एकही प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारे मतदान) न लढवलेल्या ह्यूबर्ट हम्फ्री यांना डेमोक्रॅटिक अधिवेशनाने उमेदवारी दिली. त्या संतापातून पक्षाने नियम बदलले आणि १९७२ पासून निवडीचा खरा अधिकार प्राथमिक निवडणुकांतल्या मतदारांकडे गेला.

त्यामुळे २०२४ चे डेमोक्रॅटिक अधिवेशन जिथे भरले त्या युनायटेड सेंटरपर्यंत पोहोचताना माझी उत्सुकता थोडी ओसरलीच. कमला हॅरिस यांची उमेदवारी ५ ऑगस्ट २०२४ रोजी संपलेल्या ऑनलाइन मतदानातच पक्की झाली होती. दोन आठवड्यांनी या सभागृहात मते जाहीर करण्यासाठी राज्यांची नावे पुकारली गेली ती गाण्यांच्या तालावर, केवळ सोहळा म्हणून. १९५२ साली याच शहरात अॅडलाय स्टीव्हन्सन तिसऱ्या फेरीत डेमोक्रॅटिक उमेदवार म्हणून निवडले गेले. त्यानंतर दोन्हींपैकी कोणत्याही पक्षाला दुसरी फेरी घ्यावी लागलेली नाही.