निमो आपला कसा झाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वाचनालयात मी मुलांना गोष्टी सांगते, पण हा प्रश्न मुलांपेक्षा त्यांना घ्यायला आलेले आजोबाच जास्त विचारतात. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल्स व्हर्नच्या गोष्टींच्या भा. रा. भागवतांनी केलेल्या अनुवादांवर वाढलेली पिढी ती. त्याच्या 'समुद्राखाली वीस हजार लीग'मधला निमो म्हणजे नॉटिलस या पाणबुडीचा कप्तान. "ज्यूल्स व्हर्न कधी हिंदुस्थानात आला होता का हो? नाहीतर नॉटिलसचा निमो बुंदेलखंडाचा राजपुत्र कसा निघाला?"

नाही आला. उनाड पोराला, मिशेलला, मात्र त्याने १८७८ साली जहाजावर चढवून हिंदुस्थानच्या सफरीवर धाडलं होतं, सुधारेल या आशेने. पण निमोशी त्याचा संबंध नाही. निमो त्याआधीच कागदावर उतरला होता, आणि तेव्हा तो हिंदी नव्हताच. तो पोलिश होता.

१८६३ साली पोलंड रशियाच्या झारविरुद्ध उठला आणि चिरडला गेला. व्हर्नच्या मनातला निमो म्हणजे त्या उठावात बायकामुलं गमावलेला उमराव, रशियन जहाजं बुडवत फिरणारा. त्याचा प्रकाशक एत्झेल हा काही भित्रा गृहस्थ नव्हता. १८५१ मध्ये फ्रान्समध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावली तेव्हा प्रजासत्ताकवादी म्हणून त्याने परागंदा होऊन दिवस काढले होते. पण रशियात पुस्तकं खपत होती, आणि झारला दुखवून चालणार नव्हतं. निमोला गुलामांच्या व्यापाराचा वैरी कर, असं त्याने सुचवलं. व्हर्न ऐकेना. मग निमोला देशच उरला नाही. 'निमो' म्हणजे लॅटिनमध्ये 'कोणी नाही', ते असं खरं झालं.

तरी मूळ रंग पुसला गेला नाही. निमोच्या खोलीतल्या तसबिरी आठवा: लिंकन, गुलामगिरीविरुद्ध लढलेला अमेरिकन जॉन ब्राउन, आयर्लंडचा पुढारी ओ'कॉनेल, आणि त्यांच्यात पोलंडचा स्वातंत्र्यवीर कोश्चुश्को. लंकेच्या किनाऱ्यावर तो एका गरीब हिंदी पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो आणि म्हणतो, हा दडपलेल्यांच्या देशाचा, मीही त्याच देशाचा. मला वाटतं, तो हिंदी व्हायला इथूनच लागला.

पुढे १८७५ साली 'रहस्यमय बेट' पूर्ण झालं, त्यात ओळख उघड झाली: राजपुत्र डक्कार, सत्तावनच्या उठावात लढलेला. रशियाऐवजी इंग्रज शत्रू झाला. फ्रान्समध्ये त्याला कोण हरकत घेणार? बुंदेलखंडाच्या या राजपुत्राला व्हर्नने टिपू सुलतानाचा पुतण्या करून टाकलंय. टिपू १७९९ मध्ये गेला, श्रीरंगपट्टणला. नातं कसं लावायचं ते लावा बापडे! नकाशे आणि यंत्रं यांवर जीव टाकणारा हा माणूस हिंदुस्थानी वंशावळींच्या बाबतीत अगदीच बेफिकीर.

हे ऐकून आजोबा खूश होतात. मग मी त्यांचा आनंद थोडा उतरवते. पाचच वर्षांनी, १८८० मध्ये, त्याने 'वाफेचं घर' लिहिलं. वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती उत्तर हिंदुस्थानातून चाकांवरची घरं ओढत नेतो, नि त्या गोष्टीतला खलनायक कोण, तर आपले नानासाहेब पेशवे. कानपूरच्या कत्तलीचा सूड घेणारा इंग्रज कर्नल हा नायक. सत्तावन तेच, लेखक तोच. आणि अल्जीरिया तर फ्रेंचांच्याच ताब्यात होता, पण तिथे सुरू होणाऱ्या त्याच्या 'हेक्टर सर्वादाक' कादंबरीत नायक फ्रेंच अधिकारी आहे, एकही अल्जीरियन निमो नाही. याच कादंबरीतला ज्यू सावकार वाचताना तर लाज वाटते. दुसऱ्याच्या साम्राज्याखाली भरडलेला माणूस व्हर्नला चटकन दिसायचा, आपल्या घरचा नाही. मी त्याला माफ करत नाही, पण वाचणंही सोडत नाही.

एक शेवटचं, कारण तेही विचारलं जातं. 'रहस्यमय बेट'मध्ये निमो मरताना म्हणतो, "देव आणि देश!" व्हर्नच्या हस्तलिखितात तिथे एकच शब्द होता, "स्वातंत्र्य!" एत्झेलच्या आग्रहाने तो बदलला गेला. गोष्ट सांगताना मी हस्तलिखितातलाच शब्द घेते. एकदा एका मुलाने पुस्तक उघडून मला पकडलं. "मावशी, इथे वेगळंच आहे." पुढचा अर्धा तास मग गोष्ट राहिली बाजूला आणि मी त्याला पोलंड कुठे आहे ते नकाशावर दाखवत बसले.