मनाजोगत्या निष्कर्षाची तपासणी

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या विधी महाविद्यालयात मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो आणि त्याच विषयाच्या एका संशोधन-नियतकालिकाचे संपादनही पाहतो. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात एका लेखाचे दोन्ही परीक्षण-अहवाल एकाच दिवशी आले आणि आमचे नियतकालिक नेमके कशासाठी आहे, याचा निर्णय मला त्या लेखावरच करावा लागला.

लेख ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध जिंकलेल्या कापूस-अनुदानाच्या वादावर होता. अमेरिकेची काही अनुदाने जागतिक बाजारातील भाव लक्षणीय प्रमाणात दाबतात आणि त्यामुळे ब्राझीलच्या हितास गंभीर बाधा पोहोचते, हा निष्कर्ष अपील मंडळाने मार्च २००५ मध्ये कायम केला. भारत या वादात तिसरा पक्ष, म्हणजे स्वतः तक्रारदार किंवा प्रतिवादी नसलेला पण सहभागी देश, होता. लेखकाने मात्र पुढे जाऊन असे मांडले होते की, विदर्भातील शेतकऱ्यांच्या नुकसानीची अमेरिकेवरील कायदेशीर जबाबदारी या निवाड्यानेच सिद्ध झाली आहे.

पहिल्या परीक्षकाने लेखाची मनापासून स्तुती करून तो आहे तसा छापावा, असे सुचवले होते. दुसऱ्याने दोन आक्षेप घेतले होते. निवाडा ब्राझीलच्या तक्रारीवर, ब्राझीलच्या हिताविषयी आहे आणि या व्यवस्थेतील उपाय मुख्यतः नियमबाह्य धोरण मागे घ्यायला लावण्याचे असतात, वैयक्तिक शेतकऱ्याला भरपाई देण्याचे नसतात, हा पहिला. आणि एका प्रदेशाच्या कहाणीत आंतरराष्ट्रीय वाचकाला रस नसतो, हा दुसरा.

दुसरा आक्षेप मला मुळीच मान्य नव्हता. १९६० साली ‘इंडियन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ’ सुरू झाले, त्या काळात आर. पी. आनंद यांच्यासारखे आंतरराष्ट्रीय कायद्याचे भारतीय अभ्यासक विचारत होते की, ज्या नियमांच्या घडणीत नवस्वतंत्र देशांना स्थान नव्हते, ते नियम त्यांनी कोणत्या आधारावर स्वीकारायचे. असे प्रश्न विशिष्ट भूमीवरच्या अनुभवातून येतात. ते केवळ पत्त्यावरून नाकारणारे नियतकालिक आंतरराष्ट्रीय म्हणवून घेण्यास पात्र नाही, असे माझे ठाम मत आहे.

पहिला आक्षेप मात्र खरा होता, आणि तो मान्य करणे जड जात होते, कारण लेखाचा निष्कर्ष माझ्याही मनातला होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील ३८ व्या अनुच्छेदाने श्रेष्ठ विद्वानांच्या लेखनाला कायद्याचे नियम निश्चित करण्याचे साहाय्यक साधन मानले आहे. निवाड्यात नसलेली गोष्ट निवाड्याच्या नावावर छापली, तर तिचा आधार घेऊन उद्या कोणी एखाद्या लवादापुढे उभा राहील आणि पहिल्याच प्रश्नाला अडखळेल. त्यात हानी विदर्भाच्याच बाजूची होईल.

दुपारी ग्रंथालयात कापसाच्या भावाची जुनी टिपणे चाळताना, लेखाविषयी काहीही न सांगता, मी तेथील परिचरांना त्यांच्या घरच्या कापसाचे तेव्हा कसे होते, एवढेच विचारले. ते म्हणाले, “सर, तवा कापूस फेडरेशनलेच द्या लागे. भाव सरकार ठरवे, अन् चुकारा भेटेपर्यंत दुसरा हंगाम ये.” मला एकदम जाणवले की, दोन्ही परीक्षकांच्या नजरेतून मुख्य दुवाच सुटला होता. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, म्हणजे कापूस पणन महासंघालाच (परिचरांच्या बोलण्यातले ‘फेडरेशन’) विकावा लागे; आणि ब्राझीलच्या वादातील अनुदाने तर मुख्यत्वे १९९९ ते २००२ या हंगामांतली. जागतिक भाव पडल्याचा आघात या काळात शेतकऱ्यावर थेट झाला, की पणन महासंघाच्या तोट्यातून आणि रखडलेल्या चुकाऱ्यांतून, म्हणजे कापसाच्या देयकांतून, वळसा घेऊन आला, हे दाखवल्याखेरीज कार्यकारणभाव उभाच राहत नव्हता.

मी लेख नाकारला नाही आणि स्वीकारलाही नाही. मोठ्या दुरुस्तीसाठी परत पाठवताना दोन्ही अहवाल संपूर्ण जोडले, प्रादेशिकतेचा आक्षेप संपादकांना मान्य नसल्याचे स्पष्ट लिहिले आणि एकाधिकार खरेदीविषयीचा प्रश्न माझ्या जबाबदारीवर घातला. लेखकाने जबाबदारी सिद्ध झाल्याचे विधान काढले. त्याऐवजी तिसरा पक्ष म्हणून सहभागी देशाच्या शेतकऱ्यांचे नुकसान अशा वादात नोंदवले जाण्याची वाटच कशी अरुंद आहे, हे त्याने निवाड्यातील परिच्छेद आणि खरेदीच्या नोंदी यांच्या आधारे दाखवले. नव्या मसुद्यावरही दुसऱ्या परीक्षकाचे काही मतभेद उरलेच. पण ते निष्कर्षाविषयी होते, पुराव्याविषयी नव्हते, म्हणून लेख छापण्यास मी संमती दिली.