तुम्ही विचारलंत म्हणून: किल्ट कोणाकडून शिवून घ्यावा?

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये गणपतीला किंवा दिवाळीला चार मराठी घरं जमली, की कोणीतरी मला बाजूला घेतंच. "तू किल्ट घालतोस ना? मलाही घ्यायचाय. ऑनलाइन कुठून मागवू? लिंक पाठव ना." लिंक मी पाठवत नाही. किल्ट म्हणजे इथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, निऱ्यांचा पारंपरिक पोशाख. शिवणारा कसा पारखायचा ते सांगायला लागतो, आणि आरती सुरू होईपर्यंत ते सांगून संपत नाही. म्हणून आज सवडीने लिहितोय.

पहिला किल्ट मीही लिंकवरूनच घेतला होता. ऑफिसातल्या मित्राचं लग्न होतं. साइटच्या नावात 'हायलँड', वर किल्ल्याचा फोटो, किंमत साठ पौंड, वर्णन 'ॲक्रिलिक वूल, आठ वारी, मापाप्रमाणे'. मी जीन्सचं माप टाकलं, ३४. पाच दिवसांत पार्सल दारात. तेव्हा आई इचलकरंजीहून आलेली होती. आमचे यंत्रमाग होते. कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचं, ही तिची सवय. तिने किल्टची खालची कड उलटली आणि म्हणाली, "अरे, ह्याला काठ कुठाय? दुमडून शिवलंय हे."

तिला किल्टमधलं काही माहीत नव्हतं, तरी नेमकं वर्मावर बोट ठेवलंन. पारंपरिक किल्टला खाली दुमड नसते. कापडाचा विणलेला काठच खाली येतो, त्यामुळे निऱ्या गुडघ्यापाशी जाड होत नाहीत आणि चालताना मोकळ्या झुलतात. गिरणीतून कापड दुप्पट पन्ह्याचं येतं. त्यातलं चार वार घेऊन मधोमध उभं कापतात, दोन्ही तुकडे एकापुढे एक जोडतात, की आठ वार होतं. म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास. बाहेरचे दोन्ही काठ खाली येतात. वार म्हणजेच यार्ड, हे आठवलं की आठ वारी किल्ट आणि आईचं नऊवारी लुगडं शेजारी ठेवून बघावंसं वाटतं.

तो किल्ट मी लग्नात घातला. नाचताना निऱ्या उघडल्या त्या परत बसल्याच नाहीत. कंबर आवळत होती आणि मागे चौकटींची नक्षी कुठेच जुळत नव्हती.

तर पहिला प्रश्न कापडाचा. 'ॲक्रिलिक वूल' असं काही नसतं. ॲक्रिलिक हा कृत्रिम धागा आहे, लोकर मेंढीची. वडील धाग्याबद्दल शंका आली की काडी लावून बघायचे. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. शिवणाऱ्याकडून कापडाचे नमुने मागवा. चांगला माणूस ते आनंदाने पाठवतो. वजनही विचारा. किल्टचं कापड औंसात मोजतात: १० किंवा ११ हलकं, १३ मधलं, १६ भारी. मी दोन नमुने हातावर टाकून पाहिले आणि १६ औंसाचं घेतलं. त्यात निरी एकदा बसली की बसली, आणि इथल्या वाऱ्यातही ती जागची हलत नाही. पुण्या-मुंबईत घालणार असाल तर मात्र हलकं घ्या.

कापड कुठल्या गिरणीचं हेही विचारा. लॉखकॅरन सेल्कर्कची, स्ट्रॅथमोर फॉरफरची, मार्टन मिल्स इंग्लंडमधल्या यॉर्कशरची. किल्ट शिवणाऱ्यांच्या तोंडी ही नावं सतत असतात. नाव सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याला सोडून द्या. दुसरा प्रश्न वेगळा विचारायचा: टाके कुठे आणि कोणी घातले? कापड स्कॉटलंडचं असलं म्हणून किल्ट स्कॉटलंडमध्ये शिवलेला असतोच असं नाही. स्वस्त किल्ट बरेचसे पाकिस्तानातल्या सियालकोटहून येतात. तिथले कारागीर बॅगपाइपसुद्धा घडवतात, त्यांच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. माझा राग आहे तो किल्ल्याचा फोटो लावून हे लपवणाऱ्या विक्रेत्यावर.

आता मापाबद्दल, कारण माझ्या मते शिवणाऱ्याची खरी ओळख इथेच पटते. दुसऱ्या वेळी मी ॲबर्डीनशरमधल्या एका बाईंना ईमेल केली आणि लिहिलं, कंबर ३४. त्यांचं उत्तर आलं: जीन्सचं माप नको. किल्ट बेंबीच्या जवळ, खऱ्या कंबरेवर बसतो. शिंप्याची टेप घ्या आणि दुसऱ्या कोणाला तरी मापायला सांगा, स्वतः मापू नका. बायकोने मापलं तेव्हा ३७ भरलं. मग त्यांनी नितंबांचं माप मागितलं, कंबरेपासून नितंबांपर्यंतचं अंतर मागितलं, आणि कंबरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतची लांबी. बाजूने उभं राहून काढलेला फोटोही मागितला, पोट किती पुढे आहे ते दिसावं म्हणून. लांबी परत मोजायला लावली, कारण मी मान वाकवून टेपकडे बघत होतो आणि तेवढ्याने आकडा बदलतो. पैशांचा विषय त्यांनी चौथ्या ईमेलला काढला. ज्या साइटवर फक्त कंबरेचा आकडा टाकून पैसे भरता येतात, तिथे तुमच्यासाठी कोणी काही शिवणार नाहीये.

निऱ्या कशा घालणार, हेही त्यांनीच विचारलं. एक रीत अशी, की प्रत्येक निरीत नक्षीची एक पूर्ण पुनरावृत्ती मुरते आणि मागूनही टार्टन, म्हणजे ती चौकटींची नक्षी, अखंड दिसतो. दुसरी लष्करी रीत: प्रत्येक निरीवर एकच उभी रेघ आणायची. मी ब्लॅक वॉच हा स्कॉटिश पलटणीचा टार्टन निवडला होता, म्हणून लष्करी रीत घेतली. (कुळाचा टार्टन, म्हणजे एखाद्या स्कॉटिश घराण्याची ठरलेली नक्षी, आपली नसली तर चालतो का, हेही नेहमी विचारतात. चालतो. बाल्मोरल टार्टन तेवढा राजघराण्यासाठी राखीव आहे.)

आणखी एक मागणी करा: अस्तर लावण्याआधीचा आतला फोटो. कंबरेपासून नितंबांपर्यंत निऱ्या शिवून निमुळत्या करत आणतात, त्या भागातलं मागचं जास्तीचं कापड कापून काढतात आणि ताण पेलायला आत कॅनव्हास लावतात. तो कॅनव्हास नसेल तर काही काळाने किल्ट मागून लोंबतो. हातशिलाईच्या या कामाला वीसेक तास सहज जातात. म्हणून पाचशे पौंडांच्या पुढची किंमत मला जास्त वाटत नाही, आणि 'पाच दिवसांत मापाप्रमाणे' यावर माझा विश्वास बसत नाही. माझा अकरा आठवड्यांनी आला.

परतीचं आधी वाचून घ्या. ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते, पण मापाने शिवलेल्या वस्तूला ही सवलत लागू नाही. वस्तू सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळी निघाली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचा आधार आहे, म्हणून कापड, वजन, वार, हातशिलाई हे सगळं ईमेलमध्ये लेखी घ्या.

पदवीदान समारंभापुरता हवा असेल, तर विद्यार्थी मित्रांनो, भाड्याने घ्या. एका दिवसासाठी साठ पौंडांचं ॲक्रिलिक विकत घेऊ नका. तेवढ्यात एक दिवस खरी लोकर अंगावर येते.

माझा किल्ट आला तेव्हा निऱ्यांवर पांढऱ्या दोऱ्याचे लांब कच्चे टाके होते. प्रवासात निऱ्या विस्कटू नयेत म्हणून शिवणारे ते ठेवतात, घालण्याआधी काढायचे असतात. मी व्हिडिओ कॉलवर आईला किल्ट दाखवला. तिने आधी खालची कड कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितली. काठ बघितला, मान डोलावली आणि म्हणाली, "छान आहे रे. पण ते कच्चे दोरे कात्रीने नको काढूस, सुईने उचल."

मी सुई शोधायला उठलो.