नाकाला दोन लिटर, घरात बंबाचा धूर

दिवाळीत सुट्टी मिळेल, ही आशा घरोघरची ऑक्सिजन मशीन दुरुस्त करणाऱ्यानं सोडूनच द्यावी. पाडव्याला सकाळी चहा घेत होतो तेवढ्यात कोल्हापूरजवळच्या एका गावातनं फोन आला. "मशीनची पिवळी लाईट पेटलीया, आबांस्नी दम लागलाय." जोडीला दिलेल्या छोट्या सिलिंडरवर त्यांना घ्या, असं सांगून गाडीला किक मारली.

आबा म्हणजे उमेदीची बरीच वर्षं गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घातलेला माणूस. विडी-तंबाखू कधीच नाही. फुप्फुसं गेली ती धुरानं, आणि डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटरवर दिवसाचे किमान पंधरा तास ऑक्सिजन घ्यायला सांगितलेला.

माजघरात पाऊल टाकलं आणि माझेच डोळे झोंबले. शेजारच्या मोरीत बंब धडधडत होता. शेणी, करवंट्या, वर ओलसर लाकूड. अभ्यंगस्नानाचं पाणी तापवायचं, तर घरात गीझर असूनही दिवाळीला बंबच लागतो. धूर मोरीतनं निघून सरळ आबांच्या कॉटवर येत होता. मशीन पाहुण्यांना दिसू नये म्हणून कपाटामागं, भिंतीला चिकटून, वर टॉवेल पांघरलेला.

हे मशीन ऑक्सिजन तयार करत नाही. खोलीतलीच हवा ओढतं. त्या हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन असतो. आतल्या झिओलाइटच्या दाण्यांत नायट्रोजन धरून ठेवायचा आणि नव्वदच्या वर शुद्धतेचा ऑक्सिजन नळीत सोडायचा, एवढंच त्याचं काम. खोलीत धूर, तर मशीनच्या पोटातही धूर. बाहेरचा स्पंजचा फिल्टर काढून चिमटीत दाबला, तर बोटांना चिकट काजळी लागली. तो आठवड्याला धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून बसवायचा असतो. मशीन बसवताना मुलाला दाखवूनही दिलं होतं. आतला फिल्टर धुता येत नाही, बदलावाच लागतो. नवा असताना पांढरा असणारा तो फिल्टर तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता. मीटर लावला, तर शुद्धता ८१. पिवळी लाईट उगाच नव्हती पेटली.

फिल्टर बदलला, टॉवेल काढला, मशीन भिंतीपासून हातभर पुढं ओढलं. थोडा वेळ चालू दिल्यावर आकडा ९२ वर आला. मुलगा खूश. "झालं म्हणा की!"

म्हटलं, बंब विझवल्याशिवाय काहीच झालेलं नाही. त्यावर आबाच म्हणाले, "नाकाला नळी हाय की. धूर कुठनं जातोय आत?"

बहुतेक घरांत हाच समज असतो. नळी नाकाला लावली की माणूस खोलीच्या हवेपासून सुटला. प्रत्यक्षात आपण श्वास आत ओढतो तेव्हा त्याचा वेग मिनिटाला सुमारे तीस लिटरचा असतो. नळी देते दोन. उरलेली सगळी हवा नाकपुडीच्या कडेनं खोलीतूनच येते, तिला कसलाही फिल्टर नाही. मशीनचा फिल्टरदेखील धुराचे कण अडवतो, धुरातले वायू नाही. हे ऐकून आबांनी मोरीकडं नुसतं बोट केलं आणि सून पाण्याची कळशी घेऊन उठली.

तेवढ्यात काकी तबक घेऊन आल्या. पाडव्याचं औक्षण. नवी साडी, तबकात निरांजन, आणि आबा समोर पाटावर. नाकाला नळी, डोक्याला चपचपीत तेल, अंगावर शाल. निरांजन त्यांच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर असताना मी "काकी, थांबा!" असा ओरडलो की नातू रडायलाच लागला.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण तो जिथं मुरतो तिथं ठिणगी पुरते. कपडे, केस, उशी, ती प्लास्टिकची नळी, सगळं एरवीपेक्षा कितीतरी वेगानं भडकतं. त्यात अंगाला तेल. कुठलीही ज्योत किमान तीन मीटर लांब हवी. नळी दोन मिनिटं काढून ठेवू म्हटलं तरी शालीत ऑक्सिजन राहतोच, आणि आबांना तेवढाही दम निघाला नसता.

काकी रागावल्या. "वर्सातनं एकदा येतोय पाडवा." त्यांचं चुकीचं नव्हतं. शेवटी शेजारच्या आजींनीच तोडगा काढला. निरांजन देवघरात राहू द्या, अंगठी-सुपारीनं ओवाळा. तसं ओवाळलं. आबांनी तबकात पाचशेची नोट टाकली आणि माझ्याकडं बघून हसले.

एक गोष्ट राहिलीच होती. दम लागला म्हणून मुलानं सिलिंडरचा काटा चारवर नेला होता. प्रवाह ठरवणं माझं काम नाही, म्हणून डॉक्टरांना फोन लावून दिला. ते म्हणाले, परत दोनवर आणा, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८८ ते ९२ मध्ये राहिला तर पुरे. अशा रुग्णाला जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते, हे घरच्यांना कुणी समजावलंच नव्हतं. मशीनच्या दोनवर आबा ९० ला टिकले.

पुढच्या फेरीला गेलो तेव्हा बंब परड्यात गेला होता, स्पंज जेमतेम करडा झाला होता. मात्र कॉटखाली मच्छर अगरबत्ती धुमसत होती. अशा एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ मधल्या एका अभ्यासात आढळलं होतं. शिवाय तो निखाराच, तोही कॉटखाली. सांगितल्यावर काकी म्हणाल्या, "मग डासांनी खाऊ दे व्हय त्यास्नी?"

मच्छरदाणी माळ्यावर होती. खिळे ठोकायला मीच हात लावला.