सोमवारी बीन्स, शुक्रवारी क्रॉफिश: न्यू ऑर्लिन्समधली आमची दुपारची जेवणं

विमानतळावरून घरी येतानाच लेकीनं वाटणी करून टाकली. "बाबा, रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडं. दुपारी मी क्लासला आणि लॅबमध्ये असते, तेव्हा तुमचं आणि आईचं दुपारचं जेवण तुम्ही बाहेर बघा. या गावात कुणी उपाशी राहत नाही." ती अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये, ट्युलेन विद्यापीठात शिकते. मार्चमध्ये आम्ही दोघं दहा दिवसांसाठी तिच्याकडं गेलो होतो.

आमची अडचण आधी सांगतो, कारण बाहेर खाणाऱ्या अनेक मराठी घरांची ती असेल. मासे, कोंबडी, मटण आम्ही दोघंही आवडीनं खातो, गाय आणि डुक्कर दोघंही खात नाही. शिवाय बायकोचा सोमवार असतो. त्या दिवशी ती मांसमच्छी शिवत नाही, मग देश कुठलाही असो.

पहिल्या रविवारी आम्ही फ्रेंच क्वार्टरमध्ये, म्हणजे पर्यटकांनी भरलेल्या जुन्या भागात गेलो आणि फसलो. दारात उभं राहून आत बोलावणारा माणूस, रंगीत फोटोंचं मेन्यूकार्ड, पाऊण तास वाट. आलेला गम्बो (भाताबरोबर खायचा इथला दाट रस्सा) कोमट आणि पातळ, मध्ये भाताचा गोळा कोरडाच. बिल मात्र दोन दिवसांच्या जेवणाचं. बायको काही बोलली नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

परत येताना सेंट चार्ल्सच्या ट्राममध्ये बसलो. ही लाइन 1835 सालापासून चालू आहे. हिरवे डबे, लाकडी बाकं, वर उचलायच्या खिडक्या आणि दोन्ही बाजूंना प्रचंड ओकची झाडं. (तिकीट सव्वा डॉलर, सुट्टे मोजून द्यावे लागतात. तीन डॉलरचा दिवसाचा पास घेतला तर कितीही चढा-उतरा.) समोर चर्चमधून परतणाऱ्या एक वयस्कर बाई बसल्या होत्या, डोक्यावर मोठी जांभळी हॅट. नमस्कारानंतरचा त्यांचा पहिला प्रश्न होता, "जेवलात कुठं?" आम्ही सांगितलं. त्यांनी हळहळून मान हलवली.

मी विचारलं, "मग इथलं सगळ्यात चांगलं हॉटेल कुठलं?" त्या अडखळल्या. दोन-तीन मोठी नावं घेतली, पण अशी, की कुणीतरी विचारलं म्हणून घ्यायची. तेव्हा बायकोनं विचारलं, "उद्या दुपारी तुम्ही स्वतः काय खाणार?" बाईंचा चेहराच बदलला. "उद्या सोमवार. उद्या बीन्स!" मग त्या आमचा स्टॉप येईपर्यंत बोलत राहिल्या. कुठल्या गल्लीत कोण करतं, किती वाजता संपतात, बरोबर काय घ्यायचं, सगळं.

पुढच्या आठ दिवसांचं सूत्र बायकोनं त्या ट्राममध्ये शोधलं. या गावात जेवण वाराला आणि गल्लीला बांधलेलं आहे. "चांगलं कुठं मिळतं?" असं विचारलं की पाहुण्यांसाठीचं उत्तर मिळतं. "आज तुम्ही काय खाणार?" असं विचारलं की घरचं मिळतं. आपल्याकडं तरी वेगळं काय आहे? कोल्हापुरात आलेल्या माणसानं बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी विचारलं तर आपण तांबड्या-पांढऱ्याची वाट दाखवू, आणि गुरुवारी विचारलं तर मिसळीची.

सोमवारी लाल बीन्स का, त्याची गोष्ट सुरेख आहे. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. रविवारच्या हॅमचं उरलेलं हाड टाकून भिजवलेल्या बीन्सचं पातेलं मंद आचेवर ठेवायचं आणि दिवसभर धुणं करायचं. कुणी ढवळत बसायची गरज नाही. धुण्याची यंत्रं आली, पण सोमवार गेला नाही. जॅझचे थोर वादक लुई आर्मस्ट्राँग याच गावचे. पत्राखाली सही करताना ते 'रेड बीन्स अँड राइसली युवर्स' असं लिहीत.

पण हाड हॅमचं, आणि बायकोचा सोमवार! बाईंनी सांगितलेल्या गल्लीतल्या छोट्या दुकानात आम्ही सव्वाअकराला पोचलो. इथं मला एक गोष्ट कळली, ती नीट सांगतो. "यात मांस आहे का?" असं विचारलं तर "नाही" असं प्रामाणिक उत्तर येऊ शकतं, कारण त्यांच्या दृष्टीनं मांस म्हणजे ताटात दिसणारा तुकडा. चवीसाठी घातलेलं खारवलेलं डुक्कर हे मांसात धरत नाहीत, मसाल्यात धरतात. म्हणून प्रश्न असा विचारायचा: "हे शिजवताना कशाचं हाड किंवा चरबी घातली आहे?" काही ठिकाणी धुरावलेली टर्की घालतात, ती मला चालते. इथं डुक्कर होतं, म्हणजे त्या दिवशी बीन्स दोघांनाही नाहीत.

काउंटरमागच्या बाईंनी बायकोकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला फ्रेंच फ्राय पो-बॉय देते, ग्रेव्ही न घालता." ग्रेव्ही बीफची असते, त्यामुळं हे सांगणं महत्त्वाचं. बायकोनं तळणीचं तेल विचारलं. बटाट्याची कढई वेगळी होती. लांब कुरकुरीत पावात गरम तळलेला बटाटा, त्यावर कोबीसारखी चिरलेली लेट्यूसची पानं, टोमॅटो, काकडीचं लोणचं आणि मेयोनीज. पावात बटाटा! तिनं पहिला घास घेतला, टेबलावरच्या बाटलीतला तिखट क्रिस्टल सॉस घातला, दुसरा घास घेतला आणि म्हणाली, "वडापावच्या घरचाच आहे हा." मीही तोच खाल्ला.

पो-बॉयची शहरात सांगितली जाणारी कथा 1929 सालच्या ट्राम कामगारांच्या संपाची आहे. बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन हे दोघे भाऊ आधी ट्रामवर कंडक्टर होते, नंतर त्यांनी खाण्याचं दुकान काढलं. संप सुरू झाल्यावर जुन्या सोबत्यांना त्यांनी फुकट खायला घातलं. कुणी संपकरी येताना दिसला की आतून आवाज यायचा, "आला बघ आणखी एक पुअर बॉय." एवढ्या लोकांना पुरायचं म्हणून जॉन जेंडुसा नावाच्या बेकरीवाल्याकडून त्यांनी टोकांशी निमुळता न होणारा लांब पाव करून घेतला. शेवटच्या तुकड्यातही पहिल्याइतकंच सारण बसावं! गिरणीच्या संपात माझ्या मामाच्या चाळीखालच्या खानावळवाल्यानं महिनोन्‌महिने उधारीची वही बंद ठेवून जेवू घातलं होतं. त्यामुळं ही कथा माझ्या मनात घर करून राहिली.

मंगळवारी पाऊस होता. घरी मुगाची खिचडी केली.

बुधवारी ऑर्लिन्स अॅव्हेन्यूवर डूकी चेजमध्ये गेलो. हे इतरांइतकं साधं नाही, टेबलावर कापड असतं, पण दुपारी कामावरची माणसं येऊन जेवून जातात. 1941 साली सुरू झालेलं हे घर लीआ चेज यांनी नावारूपाला आणलं. 2019 साली, 96 व्या वर्षी त्या गेल्या. काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एका टेबलावर बसणं कायद्याविरुद्ध होतं, त्या काळात नागरी हक्कांच्या चळवळीतली माणसं इथं माडीवर एकत्र बसायची, आणि खालून त्यांना गम्बो आणि तळलेली कोंबडी जायची. कोंबडी आम्ही दोघांनी खाल्ली. कवच पातळ, आत रस. मी कोल्हापूरचा माणूस, कोंबडीच्या बाबतीत मला सहज कुणी खूश करत नाही. इथं मी पानातलं हाडही कोरडं केलं.

याच ट्रेमे भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधल्या हुगळीकडचे मुसलमान फेरीवाले चिकनचं भरतकाम केलेलं कापड विकायला आले होते. काहींनी इथल्या काळ्या क्रिओल, म्हणजे आफ्रिकी-फ्रेंच वंशाच्या बायकांशी लग्नं केली आणि ते इथलेच झाले. त्यांच्या घरी भेंडी कशी शिजत असेल, असा विचार त्या गल्लीतून चालताना मनात येत राहिला. गम्बो हा शब्दही आफ्रिकेतल्या भाषांमधला, मूळचा भेंडीचाच.

गुरुवारी ट्राम बदलून मिड-सिटीत उतरलो आणि चालत पार्कवेला गेलो. 1911 साली बेकरी म्हणून सुरू झालेलं दुकान. 2005 च्या कतरिना वादळात पाण्यात बुडालं आणि पुन्हा उभं राहिलं. रांग दाराबाहेर होती, पण रांगेत कोण आहे ते मी बघितलं: रंगाचे डाग पडलेले बूट, दवाखान्याचे निळे कपडे, एक पोस्टमन. रांग लांब आहे का यापेक्षा रांगेत कामाचे कपडे आहेत का, हे बघावं. आदल्या रविवारच्या त्या जागेत सगळे आमच्यासारखेच होते, गळ्यात कॅमेरा अडकवलेले.

कोळंबीचा पो-बॉय मागितला. "ड्रेस्ड?" असा प्रश्न येतो. हो म्हणायचं, म्हणजे लेट्यूस, टोमॅटो, लोणचं, मेयोनीज सगळं आलं. पाव हातात घेतला की वरचा पापुद्रा तडकतो आणि कपड्यांवर चुरा सांडतो. आतला भाग मात्र इतका हलका, की दाबला की नाहीसा होतो. आपला पाव सारणाशी मिळून जातो, हा बाजूला राहून कोळंबीला पुढं करतो. दोघांत एक अर्धा पुरे होता. आम्ही दोन पूर्ण घेतले होते, तरी संपवले.

शुक्रवारचं मात्र सविस्तर सांगायला हवं. मार्च म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस. गाव कॅथलिक वळणाचं, त्यामुळं शुक्रवारी मांस नाही, मासे. शिवाय हाच क्रॉफिशचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या लॉबस्टरसारख्या जिवाचा, भर हंगाम. शेजारच्या बाईंना कुंपणावरून नेहमीचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी दुसरं काय खाणार?" आणि कोपऱ्यावरच्या मासळीच्या दुकानाकडं बोट केलं. बसायला बाहेर दोन बाकडी. वजनावर विकतात. मसाल्याच्या पाण्यात मका आणि बटाट्याबरोबर उकडलेला लालभडक ढीग वर्तमानपत्रावर ओतून दिला. डोकं पिरगळून वेगळं करायचं, त्यातला रस ओढायचा, शेपटीचं पहिलं कडं सोलून मांस खेचायचं. शेजारच्या बाकावरच्या एका मुलानं आम्हाला शिकवलं. तो आठ-नऊ वर्षांचा असेल, फार मनापासून शिकवत होता.

दुकानदारानं सांगितलं, की लुईझियानात हे भाताच्या खाचरात वाढवतात. भात कापला की त्याच शेतात पाणी सोडायचं, उरलेल्या धाटांवर क्रॉफिश पोसतात. मी खाता खाता थांबलो. माझं गाव आजऱ्याकडचं. पावसाळ्यात वडील कंदील घेऊन आमच्या खाचराच्या बांधावरून खेकडे धरायचे, आणि आई रात्री त्यांचा रस्सा करायची. तोच चिखलाचा गोडसर वास बोटांना होता. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, बांधावर गेलो होतो."

शनिवारी लेकीला सुट्टी होती. ती गाडीनं शहराच्या पूर्व टोकाला डोंग फुओंग बेकरीत घेऊन गेली. 1975 नंतर व्हिएतनाममधून आलेली बरीच कुटुंबं इथं वसली, आणि 1982 साली ही बेकरी सुरू झाली. फ्रेंचांनी एका वाटेनं व्हिएतनामात नेलेला पाव आणि दुसऱ्या वाटेनं न्यू ऑर्लिन्समध्ये आलेला पाव इथं येऊन भेटले. बान मी या भरलेल्या पावाला इथले लोक सरळ व्हिएतनामी पो-बॉय म्हणतात. कोंबडी, कोथिंबीर, हिरवी मिरची, आंबटगोड गाजर. कोथिंबीर-मिरचीच्या त्या वासानं सहा दिवसांनी जीव भरून आला.

येताना चोपिटूलस रस्त्यावर हॅन्सन्सचा स्नोबॉल खाल्ला. अर्नेस्ट हॅन्सन यांनी 1930 च्या दशकात बर्फ किसायचं यंत्र स्वतः तयार केलं. त्यातून बर्फ भुसभुशीत पडतो, दाताखाली खडा येत नाही. आपल्या गोळ्याची काडी आणि शेवटी ओढून घ्यायचा रस मला जास्त प्रिय आहे, पण किसलेल्या बर्फाची इतकी नजाकत मी आधी पाहिली नव्हती.

सेंट्रल ग्रोसरीचा मफुलेटा मात्र आम्ही चाखला नाही. सिसिलीतून आलेल्यांनी रुजवलेला तो तिळाचा गोल पाव, आत हॅम आणि सलामी. ज्यांना चालतं त्यांनी जरूर खावा, दोघांत अर्धा घ्यावा. त्यातल्या ऑलिव्हच्या कोशिंबिरीची बरणी आम्ही बरोबर आणली. भाकरीबरोबर ती लोणच्यासारखी लागते.

मग दुसरा सोमवार आला, आमचा शेवटचा दिवस. मी फोनवर जागा शोधत होतो, आधी बंदचे वार बघत होतो, कारण जुनी दुकानं कुठल्याही वारी बंद असू शकतात. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी कुंपणावरून हाक मारली. पहिल्या सोमवारची गोष्ट लेकीनं त्यांना सांगितली होती. त्यांनी बीन्सची दोन पातेली लावली होती, एक नेहमीचं आणि एक छोटं, हाड न घालता. मागच्या ओट्यावर आम्हाला बसवलं. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, लसूण, तमालपत्र एवढ्यावर तीन तास शिजलेले बीन्स आणि पांढरा भात.

बायकोनं विचारलं, "एवढा दाटपणा कशानं येतो?" बाईंनी तिला आत नेलं, आणि डावाच्या पाठीनं थोडे बीन्स पातेल्याच्या कडेला कसे दाबायचे ते दाखवलं. "अख्खा मसूर मी असाच करते," बायको म्हणाली. मग त्या दोघी आत बराच वेळ बोलत होत्या. मी ओट्यावर बसून दुसरं ताट संपवलं.

निघताना बाईंनी उरलेले बीन्स दह्याच्या रिकाम्या डब्यात भरून दिले. मंगळवारी लेकीनं ते लॅबमध्ये डब्याला नेले.