एजंट नेमका कोणाचा? – आमची वाटचाल

बाबांनी १९८४ साली अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका पोटमाळ्यावर नियतकालिकांच्या वर्गणीचा धंदा सुरू केला. इंजिनीअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परदेशी जर्नल्स मिळवून द्यायची, हे काम. दिवाळीच्या सुमारास ऑर्डरी, डिसेंबरपर्यंत डॉलर-पौंडांत पैसे रवाना, आणि मग वर्षभर न पोचलेल्या अंकांचा पाठपुरावा. क्लेम, म्हणजे न आलेल्या अंकाची मागणी, वेळेत गेला नाही की अंक हातचा जायचा आणि बांधीव खंडात कायमची खोट राहायची. बाबांच्या लांब वहीत प्रत्येक जर्नलला एक ओळ असे. आलेल्या अंकावर निळी टिकली, न आलेल्यावर लाल. कमिशन प्रकाशक द्यायचा.

मी २००१ मध्ये धंद्यात आलो तेव्हा कागद मागे पडून जर्नल्स ऑनलाइन येऊ लागली होती. २००३ मध्ये इंडेस्ट, २००४ मध्ये यूजीसी-इन्फोनेट अशी कन्सोर्शियम, म्हणजे संस्थांचे खरेदीगट, उभी राहिली. आयआयटी आणि विद्यापीठांसाठी एकत्रित वाटाघाटी होऊ लागल्या आणि त्या धंद्यातून आम्ही बाहेर पडलो. उरली मुख्यतः खासगी कॉलेजं, थोडी सरकारी. तिथे ग्रंथपाल एकट्या, समोर वीस पानांचा इंग्रजी लायसन्स करार, आणि खरेदी समितीचा प्रश्न एकच : सूट किती टक्के?

मीही सूटच बघत होतो. २००९ मध्ये एका मेडिकल कॉलेजला ऑनलाइन जर्नल्सचं एक पॅकेज १८ टक्के कमी दरात मिळवून दिलं तेव्हा मला फार अभिमान वाटला. तीन वर्षांनी बजेट आटलं, कॉलेजने वर्गणी थांबवली, आणि पैसे भरलेल्या तिन्ही वर्षांचे अंकही जानेवारीत दिसेनासे झाले. करारात 'वर्गणी चालू असेपर्यंत' असे शब्द होते. मी ते वाचले होते, पण त्यावर अडून बसलो नव्हतो. ग्रंथपाल मॅडमचा फोन आला : "अहो, कागदी अंक निदान कपाटात तरी राहायचे. आम्ही तीन वर्षं पैसे भरले ते कशाचे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या वर्षी आम्ही पद्धत बदलली. ग्रंथालयाकडून ठरावीक फी घ्यायची, आणि प्रकाशकाने कमिशन दिलंच तर ते बिलातून वजा करून दाखवायचं. उत्पन्न घटलं, दोन वर्षं ओढाताण झाली. पण ज्याचे पैसे घ्यायचे त्याच्याच बाजूने बोलायचं, हे घरात सगळ्यांना पटलं होतं.

आता करार हातात आला की दर आम्ही शेवटी काढतो. वर्गणी थांबली तरी भरलेल्या वर्षांचा हक्क राहणार का? 'साइट' म्हणजे एक इमारत, की नदीपलीकडचं हॉस्टेलही? दरवाढीला मर्यादा किती? सगळ्यात जास्त झगडा होतो तो ज्यावर दर ठरतो त्या विद्यार्थिसंख्येवर. एका संस्थेच्या एकाच आवारात इंजिनीअरिंग, फार्मसी आणि बी.एड. अशी तीन कॉलेजं होती. औषधशास्त्राच्या जर्नल्ससाठी प्रकाशकाने आवारातले सगळे ६,४०० विद्यार्थी मोजले होते. फार्मसीचे होते ५४०. आम्ही प्रवेशाची यादी आणि काउंटर या मान्य पद्धतीने मोजलेले ऑनलाइन वापराचे आकडे समोर ठेवले : पॅकेजमधली बहुतेक जर्नल्स वर्षभरात कोणी उघडलीही नव्हती. एका लेखामागे किती रुपये पडले तेही मांडलं. तीन आठवडे ईमेल चालले. शेवटी दराचा टप्पा दोन पायऱ्या खाली आला, आणि कायमचा हक्क करारात लिहून मिळाला.

सप्टेंबर २०१४ मध्ये स्वेट्स ही हॉलंडची जगभर पसरलेली एजन्सी दिवाळखोरीत गेली आणि अनेक ग्रंथालयांचे आगाऊ भरलेले पैसे अडकले. तेव्हापासून ग्रंथालयाचे पैसे आम्ही वेगळ्या खात्यात ठेवतो आणि प्रकाशकाची पावती हाती येताच तिची प्रत पाठवतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही देशभरच्या सरकारी संस्थांसाठी एकत्रित वर्गणीची योजना मंजूर केली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांना ती सुरू झाली. जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी कॉलेजातल्या मुलीला आयआयटीतलीच जर्नल्स मिळणार, याचा मला मनापासून आनंद आहे, धंदा कमी झाला तरी.

पण या सरकारी संस्थांनी स्वतःच्या वर्गण्या थांबवल्या, आणि आधी भरलेल्या वर्षांचं काय, हा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. सध्या आम्ही तेच काम करतोय : जुने करार कपाटांतून काढायचे, कुठल्या जर्नलच्या कुठल्या वर्षावर कायमचा हक्क आहे ते शोधायचं, प्रकाशकाकडून तसं लेखी घ्यायचं. यादी एक्सेलमध्ये आहे. हक्क लेखी मिळाला की निळा रंग, बाकी असेल तर लाल. आज सकाळी लाल ओळी ११२ होत्या.